हॉरेसची उडी आणि विनीचा भाता

हॉरेस पिनॉकला कुणी विचारलं, की बाबा रे, तू आयुष्यात काय केलंस, तर तो दगडी कुंपणांचं नावही काढणार नाही. थ्रपकोटच्या आसपासच्या निम्म्या शेतांची कुंपणं त्याच्या हातची आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. आमच्या आणि त्याच्या परसातली भिंतही त्यानेच रचली. ती आमच्या बाजूला झुकली आहे. तो म्हणतो, तुमची जमीन खचली. बायको, दोन मुली, गावच्या भाजीप्रदर्शनात त्याच्या कोबीला मिळालेलं बक्षीस, यातलंही तो काही सांगणार नाही. छाती पुढे काढून एवढंच म्हणेल, "मी नाचतो."

नाचतो म्हणजे मॉरिस नाचतो, आमच्या खेड्यांतला जुना नाच. पांढरी विजार, पांढरा सदरा, छातीवर फितींची फुली, फुलं खोचलेली टोपी, नडग्यांवर घुंगरांचे पट्टे आणि दोन्ही हातांत मोठे पांढरे रुमाल. असे सहा बाप्ये समोरासमोर उभे राहतात आणि उड्या मारतात. एकदा एका पाहुणीने मला विचारलं, "हे सगळं कशासाठी असतं?" मी म्हटलं, "पीक चांगलं यावं म्हणून." खरं तर ते बिअर गोड लागावी म्हणून असतं, पण परक्या माणसाला एकदम खरं सांगू नये.

माझा नवरा लायनेलही त्याच पथकात आहे, मागच्या कोपऱ्यात. त्यामुळे मी या विषयावर अधिकाराने बोलू शकते. त्यांची घुंगरं मी शिवते, त्यांचे रुमाल मी इस्त्री करते आणि त्यांच्या पाठीला मलमही मीच चोळते.

हॉरेस पंधराव्या वर्षी पथकात गेला, बापाच्या जागी. त्या वेळी सारंगी वाजवायचा म्हातारा टर्व्ही, म्हणजे विनिफ्रेडचा बाप. हॉरेस आणि विनीचं लग्न कसं जमलं ते गावात दोन प्रकारे सांगतात. हॉरेस सांगतो, की नाचता नाचता मी मुद्दाम तिच्या पायाशी रुमाल टाकला. मॉरिसमध्ये रुमाल हातातून सुटणं म्हणजे भर चर्चमध्ये विजार सुटण्यासारखं, तेव्हा यावरून त्याचं प्रेम किती ते समजा. विनी सांगते, "मुद्दाम कसला! हात घामेजले होते. मी रुमाल उचलून दिला, तर तो माझ्याकडे बघत राहिला आणि पुढच्या गिरकीला खांबावर आपटला. मला दया आली."

पुढे टर्व्हीची बोटं आखडली आणि विनीने गळ्यात भात्याची पेटी अडकवली. बाईच्या वाजवण्यावर नाचायचं, म्हणून बाप्ये फुगून बसले. एक अख्खा उन्हाळा ते डेन्झिलच्या शिट्टीवर नाचले. डेन्झिल स्टिब्ज म्हणजे पथकाचा नाच शिकवणारा, पाठीचा ताठ आणि बोलायला शिरक्यासारखा आंबट. त्याचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे शिट्टीत सुरापेक्षा वारा जास्त. शरद येईपर्यंत सगळे टोप्या हातात घेऊन विनीच्या दारात उभे होते. तेव्हापासून थ्रपकोटच्या पथकाला विनीच वाजवते.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मॉरिसमध्ये एक संथ उडी असते. नाच रंगात आला की गाणं एकदम ओढल्यासारखं हळू होतं. नाचणाऱ्याने रुमाल वर फेकत उडायचं आणि जड सूर पडेल त्याच क्षणी जमिनीवर यायचं. गाणं जितकं हळू, तितकी उडी उंच हवी, कारण सूर येईपर्यंत माणसाने वर थांबायचं कशाच्या आधारावर? आणि यात लबाडी चालत नाही. पायाला घुंगरं असतात ना. आधी छन् आणि मग सूर, असं झालं की आंधळ्यालाही कळतं, की गडी लवकर पडला.

मे महिन्याच्या अखेरीला व्हिटचा सोमवार येतो, मॉरिसवाल्यांचा मोठा सण. त्या दिवशी दुपारी बाराला 'थ्री प्लाऊज' गुत्त्याच्या अंगणात नाचणाऱ्यांतला सगळ्यात वयस्क गडी एकटा नाचतो. नेम असा, की ज्याची घुंगरं सुराच्या आधी वाजली त्याने रुमाल खाली ठेवायचे आणि केक उचलायचा. केक म्हणजे तलवारीच्या टोकावर पत्र्याचा डबा, डब्यात मनुकांचा केक, डब्याला फिती. केकवाल्याने तो घेऊन गर्दीत हिंडायचं आणि एकेक तुकडा वाटायचा. तो खाल्ला की बायकांची कूस उजवते म्हणतात. आमची धाकटी त्या केकमुळेच झाली असं डेन्झिल चारचौघांत सांगतो. लायनेलला ते अजून पटलेलं नाही. त्यात आपलाही थोडा हात होता, अशी त्याची समजूत आहे.

तर केक वाहणारा म्हातारा एमस या हिवाळ्यात समुद्राकाठी मुलीकडे राहायला गेला. तलवार खुंटीवर लटकत राहिली. नाचणाऱ्यांत सगळ्यात वयस्क कोण? हॉरेस. सगळे एकदा तलवारीकडे बघायचे आणि एकदा हॉरेसच्या गुडघ्याकडे. जन्मभर ओल्या जमिनीवर गुडघे टेकून कुंपणं रचली, त्यातला उजवा कधीच कामातून गेला होता.

"केक धरण्यापेक्षा मला सरळ चर्चच्या मागे पुरा," हॉरेस म्हणायचा. "मी अजून नाचतो. गेल्या वर्षी बघितलंत ना? घुंगरू आणि सूर, एकदम!"

बघितलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं, आणि सगळ्यांनी ऐकलंही होतं. ऐकलं नव्हतं ते एका हॉरेसने. त्याचा गुडघा गेला त्याच्या पुढच्या मे महिन्यापासून विनी तो संथ भाग जरा लवकर उरकायची. दर वर्षी आणखी जरासा. भाता असा काही दाबायची, की सूर हॉरेसच्या पायाखाली वेळेवर हजर. गावाला हे माहीत होतं. पण गाव गप्प होतं, कारण विनी मसालेदार लोणचं फार चांगलं घालते आणि नाताळात घरोघरी बरणी पाठवते.

आणि मग सोमवारला आठ दिवस असताना, रविवारी गुत्त्यात हॉरेसने तोंड उघडलं. दुसरा पेला संपत आला होता. डेन्झिल सहज म्हणाला, "यंदा जमेल ना रे संथ उडी?"

"माझं सोड," हॉरेस म्हणाला. "माझी उडी आहे तशी आहे. विनीचंच बघायला हवं. हात घाई करतो हल्ली तिचा. मला वर आणखी थांबायचं असतं, पण सूर येऊन बसतो खाली. काय करणार, बिचारीचं वय झालं."

मी लायनेलचा पाय टेबलाखाली दाबला. लायनेलने ओरडून विचारलं, "पाय का दाबतेस?" मी दाबला, कारण विनी हॉरेसच्या पाठीमागे उभी होती, हातात लोणच्याच्या कांद्यांची बशी घेऊन.

तिने बशी ठेवली. एक कांदा उचलून खाल्ला. "खरंय," ती म्हणाली. "आता बाबांच्या चालीने वाजवते."

गुत्त्यात असं सामसूम झालं, जसं कुणी राणीविषयी वाईट बोललं. हॉरेस मात्र खूश. "बघा, म्हटलं नव्हतं? बायकोला प्रेमाने सांगितलं की ऐकते."

बुधवारी गावच्या हॉलमध्ये तालीम झाली. मी पडदे धुवायला न्यायच्या निमित्ताने तिथेच होते. विनीने भाता उघडला आणि टर्व्हीच्या चालीने वाजवायला लागली. हॉरेस उडाला. छन्. तो खाली येऊन उभा राहिला, टोपी सारखी केली, आजूबाजूला बघितलं, आणि मग सूर आला.

"परत," डेन्झिल म्हणाला.

परत छन्. मग सूर. मधल्या वेळात लायनेल शिंकून मोकळा झाला.

"फरशीला मेण जास्त झालंय," हॉरेस म्हणाला. मग म्हणाला, बूट नवे आहेत. मग म्हणाला, पट्टा सैल आहे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ऐकली आहे, पण फरशी, बूट आणि पट्टा एका दमात वाकडे झालेले मी त्या दिवशीच बघितले. विनीने भाता मिटला. पेटी खोक्यात घातली आणि घरी गेली.

त्या दिवसापासून नवराबायको कुत्र्यामार्फत बोलायला लागली. डॅमसन म्हणून म्हातारी कुत्री आहे त्यांची. "डॅमसन, त्याला सांग, चहा झालाय." "डॅमसन, तिला सांग, साखर कमी आहे." कुत्री बिचारी टेबलाखाली डोक्यावर पंजे घेऊन पडायची.

शुक्रवारी मी परसात कपडे वाळत घालत होते. भिंतीच्या पलीकडे शेंगांच्या वेलांमध्ये हॉरेसचं डोकं वर यायचं आणि गायब व्हायचं. वर यायचं आणि गायब व्हायचं. तोंडाने गाणं चालू, हातात रुमालांऐवजी बशा पुसायचे दोन पंचे.

"आज वेल मोडलेस, उद्या कोबी तुडवशील," मी म्हटलं.

तो थांबला. भिंतीवर कोपर टेकलं. भिंत आणखी जराशी आमच्या बाजूला आली.

"म्युरिएल, खरं सांग."

"मी खोटं कधी सांगते?"

"रोज. पण आज खरं सांग. बुधवारी तिने वाजवलं, ती पूर्वी तसंच वाजवायची?"

मी चिमटा तोंडात धरला. चिमटा तोंडात असला की बाईला बोलता येत नाही, असं पुरुषांना वाटतं. पण तो हलेना. शेवटी चिमटा काढला.

"तुझा गुडघा गेला त्या हिवाळ्यापर्यंत तसंच. मग जरा लवकर. दर वर्षी जरासं आणखी."

"डेन्झिलला ठाऊक आहे?"

"त्याचे दात गेलेत, कान नाही गेले."

"लायनेलला?"

"लायनेललासुद्धा."

हे त्याला जास्त लागलं. लायनेलला जे कळतं ते आपल्याला कळू नये, यापरतं दुःख नाही. तो उलट्या बादलीवर बसला. "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"तू उडत नव्हतास, हॉरेस. ती जमीन वर आणत होती."

तो पंचे घड्या करत राहिला. मोठ्या निगुतीने, कोपऱ्याला कोपरा लावून. मला वाटलं आता रडतो की काय, आणि माझे कपडे तर अजून निम्मे टोपलीत. पण त्याने एवढंच विचारलं, "आणि मी गुत्त्यात काय बोललो..."

"ते सगळ्या गुत्त्याने ऐकलं. स्वयंपाकघरातल्या मुलीनेसुद्धा."

संध्याकाळी मी भिंतीलगत पुदिना खुडत होते. पुदिना तिथेच चांगला येतो, त्याला मी काय करणार? त्यांची स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"डॅमसन," हॉरेसचा आवाज आला, "तिला सांग, मी गाढव आहे."

"डॅमसन, त्याला सांग, हे तुलाही ठाऊक आहे."

बराच वेळ बशा विसळल्याचा आवाज. मग विनी कुत्रीला मध्ये न घालता म्हणाली, "सोमवारी कसं वाजवू?"

मी पुदिना खुडायची थांबले. पण हॉरेस बोललाच नाही. माझी रात्रभर झोप उडाली. माणसाने उत्तर द्यायचं तर शेजाऱ्यांचा विचार करून द्यावं.

सोमवारी ऊन चांगलं पडलं होतं. थ्री प्लाऊजच्या अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही. ते अंगण खरोखरच वाकडं आहे, रस्त्याच्या बाजूला उतरतं, तेव्हा म्हणीला निदान तिथे तरी आधार होता. पाद्रीबुवांनी केकला आशीर्वाद दिला आणि लगेच त्याचा वास घेतला. तलवार बाकावर आडवी ठेवली होती. घड्याळाचे टोले पडले तसा डेन्झिल पुढे आला आणि म्हणाला, "हॉरेस पिनॉक, एकटा!"

हॉरेस मधोमध येऊन उभा राहिला. रुमाल झटकले. माझा लायनेल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. नंतर विचारलं तर म्हणे प्रार्थना. हा माणूस लग्नातसुद्धा प्रार्थना विसरला होता.

विनीने पेटी छातीशी घेतली. "कसं?" तिने हळूच विचारलं. हळूच म्हणजे पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल असं.

आता नुसतं जरा लवकर वाजव म्हणायचं, आणि घुंगरू नि सूर एकदम. कुणी काही बोललं नसतं. लोणचं सगळ्यांनाच हवं होतं. हॉरेसने गर्दीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"तुझ्या बापाच्या चालीने," तो म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला. "आणि ऐका रे सगळे. हिचा हात कधी घाई करत नव्हता. मी लवकर पडत होतो, ही धावत येऊन झेलत होती."

"पडशील," विनी म्हणाली.

"पडलो तर केकवर पडेन. वाजव गं."

तिने वाजवलं. सुरुवातीचा चपळ भाग त्याने छान नाचला, म्हातारा असला तरी रुमाल फिरवावे ते त्यानेच. मग गाणं ओढलं गेलं. हॉरेस उडाला. छन्. मग सूर. गर्दीत कुणीतरी 'आह' केलं, गाडी खड्ड्यातून गेल्यावर करतात तसं. दुसरी उडी, पुन्हा छन् आधी, आणि उजवा गुडघा असा वाकला की डेन्झिलचा हात आपोआप पुढे झाला.

तिसऱ्या वेळी हॉरेस उडालाच नाही. रुमाल दोन्ही हातांनी असे वर फेकले, की सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि स्वतः जमिनीवर ताठ उभा, टाचा चिकटलेल्या, एक घुंगरू हलत नाही. सूर येतोय, येतोय, येतोय, आणि तो पडला त्या क्षणाला याने एकच पाय आपटला. छन्. सुराच्या पोटात घुंगरू. सुरी ठेवायला फट नाही.

"उडी कुठाय?" डेन्झिल ओरडला.

"वर गेलीय," हॉरेस म्हणाला. "मी तिची वाट बघतोय."

अंगण हसून लोळलं. पाद्रीबुवांच्या नाकातून बिअर आली. विनी हसता हसता पेटीवर वाकली, त्यासरशी भाता दाबला गेला आणि एक लांबलचक बेसूर आवाज निघाला. तोच नाचाचा शेवट. हॉरेसने दोन्ही रुमाल घडी करून डेन्झिलच्या हातात दिले, खाली बसून घुंगरांचे पट्टे सोडले, आणि उठताना कुणाचा हात घेतला नाही. बाकाचा घेतला.

मग त्याने केकवाल्याचा कमरपट्टा उचलला, तलवारीची मूठ अडकवायचा. एमस म्हणजे काडी, त्याचा पट्टा हॉरेसच्या पोटावर बसणं शक्य नव्हतं. पण बसला, अगदी बेतून शिवल्यासारखा. त्याने आत बोट घालून बघितलं. नवं कातडं, नवा टाका.

"हा कधी वाढवलास?"

"मार्चमध्ये," विनी म्हणाली.

"मार्चमध्ये! म्हणजे गुत्त्यातल्या बोलण्याच्या आधी?"

"तुझा गुडघा मार्चमध्येच कुरकुरत होता. आणि तुझं तोंड कधीतरी उघडणार, हे तर लग्नातच ठाऊक होतं."

हॉरेसने केकचा पहिला तुकडा कापला आणि तिच्यापुढे धरला. ती मागे सरकली. "नको बाई, या वयात भलतंच काही व्हायचं." मग सगळ्यांसमोर घेऊन खाल्लाही, आणि म्हणाली की मनुका कमी पडल्या.

इथे खरं तर सगळं आटपायला हवं होतं. पण त्यानंतर सहाजणांचा नाच होता. हॉरेसच्या जागी पाद्रीबुवांचा भाचा उभा केला. विनी आता टर्व्हीच्या चालीतच वाजवत होती, थांबायला तयार नाही. संथ भाग आला आणि काय सांगू, छन् छन् छन् छन्, जसं कुणी चमच्यांचा खण जिन्यावरून सोडला. मग शांतता. मग एकटा सूर. इतकी वर्षं विनी हॉरेससाठी जमीन वर आणत होती, तेव्हा बाकीचे पाचही त्याच जमिनीवर उतरत होते, आणि मनात समजत होते की आपण आपल्या जोरावर उडतोय. लायनेल तर उतरत्या अंगणावरून सरळ रस्त्यापर्यंत गेला.

बाजूला हॉरेस केक घेऊन उभा, पोट पट्ट्यात, चेहरा न्यायाधीशाचा. "आधी छन्, मग सूर," तो शेजारच्या बाईला तुकडा देत समजावत होता. "हल्लीच्या पोरांना थांबणं म्हणून माहीत नाही."

डेन्झिलने त्याच्या कानाशी येऊन विनवलं, "अरे, सांग ना तिला जरा. पूर्वीसारखं वाजव म्हणावं."

"मी केकवाला माणूस," हॉरेस म्हणाला. "मला नाचातलं काय कळतं? तुकडा घे."

तेव्हापासून तो केकचाच झाला आहे. तलवार कशी धरायची, तुकडा तिरका का कापायचा, फिती कुठल्या रंगाच्या, यावर तो गुत्त्यात असं बोलतो, की केक हे नाचाचं मूळ आणि नाच नंतर कुणीतरी चिकटवला. विनीशी थेट बोलतो. कुत्रीला सुट्टी मिळाली.

माझी मात्र पंचाईत झाली. लायनेल रोज रात्री पाठ धरून घरी यायचा, मलम संपत आलं, आणि वर उसासे, की आता आपल्यालाही केक धरावा लागणार. दोन-दोन केकवाले शेजारीशेजारी, हे गावालाही झेपलं नसतं. तेव्हा गेल्या आठवड्यात मी माझ्या रुबार्बच्या आंबट देठांच्या मुरंब्याची मोठी बरणी भिंतीवरून विनीकडे दिली. कशासाठी ते सांगावं लागलं नाही. तिने झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "आलं घातलंयस?"

काल तालमीहून लायनेल शीळ घालत आला. टोपी खुंटीवर फेकली, ती बरोबर खुंटीवर बसली.

"बघ, म्युरिएल," तो म्हणाला, "माझी उडी सुधारली. आज घुंगरू आणि सूर, एकदम!"

"हो रे राजा," मी म्हटलं, आणि दुसरा मुरंबा चुलीवर ठेवला.